संगणकावर स्वरलिपीची जुळणी
(बी. ए. भाग २)

कानांनी ऐकायची गोष्ट डोळ्यांना दिसावी म्हणून माणसाने जी खटपट केली, तिचे नाव स्वरलिपी. आपल्याकडे गाणे गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानात व तेथून कंठात जात असे. कागदाची गरज भासत नसे. पण गवयी गेला की त्याच्याबरोबर चीजही जात असे. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) आणि पं. विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) या दोघांनी ही हानी ओळखली व आपापली लिपी सिद्ध केली. आज प्रश्न उरला आहे तो ती लिपी संगणकावर बिनचूक उतरविण्याचा.

कोणी म्हणेल, मोबाइलवर ध्वनिमुद्रण होत असताना हा खटाटोप कशाला? मुद्रणात आवाज राहतो हे खरे. परंतु चालीची बांधणी लिपीतच दिसते. आमच्या उंद्रीसारख्या गावी भजनी मंडळातील म्हाताऱ्या माणसांना कितीतरी चाली पाठ असतात. त्या नव्या मुलांना शिकवायच्या तर कोणती ओळ कोणत्या मात्रेवर उठते, हे कागदावर असलेले बरे.

पहिली अडचण चिन्हांची. भातखंडे पद्धतीत शुद्ध स्वराला चिन्ह नाही. कोमल स्वराखाली आडवी रेष, तीव्र मध्यमावर उभी रेष, मंद्र सप्तकाला खाली बिंदू व तार सप्तकाला वर बिंदू असतो. पलुसकर पद्धतीत मात्र वरचा बिंदू मंद्र दाखवितो आणि वरची उभी रेष तार! म्हणजे एकाच बिंदूने स्वर एकीकडे वर चढतो, तर दुसरीकडे खाली उतरतो. म्हणून कोणतीही चाल लिहिताना पानाच्या माथ्यावर पद्धतीचे नाव लिहावे, हा पहिला नियम.

यातील गमतीची गोष्ट अशी की, भातखंड्यांना हवी असलेली दोन चिन्हे देवनागरीच्या युनिकोड संचात अगोदरच आहेत, पण ती ठेवली आहेत वेदपाठासाठी! अनुदात्ताची खालची आडवी रेष आपण कोमल स्वराला वापरू शकतो आणि उदात्ताची वरची उभी रेष तीव्र मध्यमाला. भैरवीचे कोमल स्वर रे॒ ग॒ ध॒ नि॒ असे लिहिता येतात. तार षड्जाला अनुस्वार व मंद्र स्वराला नुक्ता देऊन काम भागते. यमनचा आरोह असा होईल : ऩि रे ग म॑ ध नि सां.

मात्र क्रम पाळावा लागतो. नुक्ता अक्षरालगत, त्यानंतर काना किंवा वेलांटी, मग अनुस्वार आणि सर्वांत शेवटी रेष. क्रम चुकला की अक्षराशेजारी तुटक रेघांचे रिकामे वर्तुळ उमटते. ते दिसले की संगणक बिघडला असे समजू नये. चिन्हे पुसून क्रमाने पुन्हा लिहावीत. मंद्र सप्तकातील कोमल धैवताला बिंदू व रेष दोन्ही खालीच येतात आणि काही फॉन्टमध्ये ती एकमेकांवर चढतात. अशा वेळी दुसरा फॉन्ट घेऊन पाहावा. मोबाइलच्या कळफलकावर ही चिन्हे सापडली नाहीत, तर एकदा मिळवून एका फाइलमध्ये साठवावीत व तेथून उचलावीत.

दुसरी अडचण मात्रांच्या मांडणीची. त्रितालाच्या १६ मात्रा, चार-चारांचे चार विभाग. खाली ×, २, ०, ३ ही चिन्हे. आपण मोकळ्या जागा सोडून स्वर जुळवू लागलो की 'सा' रुंद, 'ग' अरुंद, आणि एखाद्या मात्रेत 'सारेगम' असे चार स्वर! मग वरचा स्वर एकीकडे, गीताचे अक्षर दुसरीकडे. येथे मजकुरातून आज्ञा देऊन जुळणी करणाऱ्या प्रणाली उपयोगी पडतात. डोनाल्ड कनूथ यांची 'टेक' ही अशी प्रणाली १९७८ मध्ये आली. देवनागरीसाठी तिचे 'झीटेक' हे रूप सोयीचे. तीत प्रत्येक मात्रा तक्त्याच्या एका घरात लिहावी. पहिल्या ओळीत मात्रांक, दुसऱ्या ओळीत स्वर, तिसरीत गीताची अक्षरे, चौथीत तालचिन्हे. घराची रुंदी संगणक स्वतः ठरवितो. एका मात्रेतील अनेक स्वरांखाली अर्धचंद्र हवा असतो. त्याचे तयार चिन्ह ताणले जात नाही. म्हणून खाली कंस काढण्याची आज्ञा द्यावी, म्हणजे तो स्वरांइतका लांब होतो.

तिसरी गोष्ट पाश्चात्य स्टाफ नोटेशनची. 'लिलिपाँड' हा विनामूल्य कार्यक्रम १९९६ साली दोघा डच संगीतप्रेमींनी सुरू केला. त्यात स्वराचे रोमन अक्षर लिहून पुढे कालमानाचा अंक द्यायचा : ४ म्हणजे एक मात्रा धरली, तर ८ म्हणजे अर्धी. त्याखाली गीताची अक्षरे देवनागरीतही देता येतात. पण तेथील स्वर अचल, तर आपला षड्ज गवयाच्या गळ्याप्रमाणे सरकणारा. म्हणून आधी सर्व चाल पांढरी एक धरून लिहावी. गाणारा काळी चारचा निघाला, तर एका आज्ञेने सगळे स्वर सरकतात.

याच कार्यक्रमाची एक सोय मला सर्वांत मोलाची वाटते. प्रत्येक विभागाच्या शेवटी उभी रेघ लिहिली की संगणक मात्रा मोजतो. विभागात चारऐवजी साडेतीन मात्रा भरल्या, तर तो ओळीचा क्रमांक देऊन इशारा करतो. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा चार-चारांत विभागून लिहिल्या, तर हरवलेली अर्धी मात्रा लगेच हाती लागते. अर्थात स्वर चुकला तर यंत्राला कळत नाही. ते काम कानाचेच.

महाविद्यालयात संगणक आहेत, संगीत जाणणारे प्राध्यापक आहेत आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या गावी भजनी मंडळ आहे. प्रत्येकाने सुटीत घरच्या एका तरी वडीलधाऱ्या गायकाजवळ बसून एक चाल उतरवून आणावी. जाणकारांनी ती तपासावी आणि ग्रंथालयाने तिचा संग्रह ठेवावा. ज्यांना अक्षरओळख झाली नाही, त्यांच्या कंठातले धन अक्षरांत आणण्याचे काम घरातल्या पहिल्या शिकलेल्या पिढीने नाही करायचे, तर कोणी?