अपघाताच्या क्लेमची केस: वकील काय करतो आणि आपण काय जपून ठेवायचं?



ग्रामसंघाच्या बैठकीत आपण कर्ज, हप्ते, शेळीपालन, शिलाई यावर भरपूर बोलतो. अपघात हा विषय मात्र तो कुणाच्या घरात शिरल्यावरच निघतो. पालम-गंगाखेड किंवा पालम-लोहा रस्त्यावर मोटारसायकलला धडक बसते, शेतातून येताना ट्रॉली उलटते, ऊसतोडीला गेलेल्या माणसाची बातमी दुसऱ्या जिल्ह्यातून येते. घरात रडारड चालू असते आणि तेवढ्यात कोणीतरी दारात येऊन म्हणतं, "ताई, इथं सही करा, पैसे मिळवून देतो." सही कशावर केली, ते पुढे वर्षभरानं कळतं.

म्हणून या अंकात अपघाताच्या नुकसानभरपाईची केस लढणाऱ्या वकिलाचं काम समजून घेऊ. ते समजलं की कोणत्या कागदावर सही करायची, कुणाला किती पैसे द्यायचे आणि आजपासून घरात काय जपून ठेवायचं, हे आपलं आपल्यालाच कळेल.

पोलीस केस वेगळी, क्लेमची केस वेगळी

बऱ्याच घरांत असा समज असतो की पोलिसांत गुन्हा नोंदवला म्हणजे भरपाई आपोआप मिळेल. तसं नसतं. पोलीस केस ड्रायव्हरला शिक्षा व्हावी म्हणून असते आणि ती सरकारी वकील चालवतो. भरपाईसाठी आपल्याला मोटार वाहन कायदा १९८८, कलम १६६ खाली वेगळा अर्ज करावा लागतो. हा अर्ज 'मोटार अपघात दावा न्यायाधिकरणा'त चालतो. नाव मोठं असलं तरी ते जिल्हा न्यायालयातच बसतं. आपण त्याला साधं 'क्लेमची केस' म्हणतो.

यात ड्रायव्हर, गाडीमालक आणि गाडीची विमा कंपनी समोरचे पक्ष असतात. रस्त्यावर चालणाऱ्या प्रत्येक गाडीला दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे, त्यामुळे पैसे बहुतेक वेळा विमा कंपनीच देते.

एक गोष्ट ऊसतोडीच्या घरांनी पक्की लक्षात ठेवावी. अपघात कोल्हापूरला झाला म्हणून केस कोल्हापूरलाच करावी लागते, असं नाही. आपण राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणातही ती करता येते. दावा सहा महिन्यांच्या आत करायचा, ही तरतूद १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे, म्हणून दिवस-कार्य झाल्यावर लगेच कामाला लागा. उशीर झालाच असेल तर "आता काही होत नाही" असं घरच्या घरी ठरवू नका, आधी वकिलाला विचारा.

दोन बाजूंचे दोन वकील

अपघाताच्या केसमध्ये एक वकील जखमी माणसाचा किंवा मृताच्या घरच्यांचा असतो आणि दुसरा विमा कंपनीचा. काही वकील आयुष्यभर एकाच बाजूने काम करतात, काही दोन्हीकडून लढलेले असतात.

आपल्या वकिलाला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: अपघात याच गाडीने झाला, चूक गाडी चालवणाऱ्याची होती आणि आपलं नुकसान इतकं झालं. त्यासाठी तो एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, पीएम रिपोर्ट, दवाखान्याची बिलं गोळा करतो, साक्षीदार उभे करतो, गरज पडली तर डॉक्टरांनाही साक्षीला बोलावतो.

विमा कंपनीचा वकील कंपनीचे पैसे कुठे वाचतात ते शोधतो. ड्रायव्हरकडे लायसन्स होतं का, पॉलिसी त्या तारखेला चालू होती का, ट्रॅक्टर शेतीच्या कामाला होता की भाड्याने माणसं नेत होता, हे तो विचारतो. त्याचं ते कामच आहे. लायसन्ससारख्या मुद्द्यावर काही वेळा कोर्ट सांगतं की कंपनीने आधी घरच्यांना पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत. ट्रॉलीत बसलेल्या माणसांच्या केसमध्ये मात्र पॉलिसीत काय लिहिलंय यावर फार अवलंबून असतं. मजूर कामावर असताना अपघात झाला असेल, तर कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा हा दुसरा रस्ता असतो. दोन्हींपैकी एकच निवडता येतो. कोणता निवडायचा, हे चांगला वकील कागद बघून सांगतो.

कधी कोणी सुचवतं, "धडक देणारी गाडी सापडत नाही ना, मग माझ्या ओळखीची दुसरी गाडी दाखवू." असं कधीच करू नका. खोटं उघडं पडलं की भरपाई जाते आणि गुन्हा आपल्यावर येतो. पळून गेलेल्या गाडीचा पत्ता लागला नाही, तर सरकारची वेगळी योजना आहे. त्यात मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर जखमेसाठी ५० हजार रुपये मिळतात.

बाईच्या कामाची किंमत

क्लेमच्या केसमध्ये सर्वात मोठी लढाई एका प्रश्नावर होते: गेलेलं माणूस महिन्याला किती कमवत होतं? नोकरदाराची पगाराची स्लिप असते. आपलं काय? सकाळी चारा-पाणी, दिवसभर कापूस वेचणी, संध्याकाळी शिलाई. यातलं कागदावर काय असतं?

घरकामालाही किंमत आहे, हे कोर्टाने मान्य केलं आहे. जमशेदपूरला १९८९ मध्ये एका कार्यक्रमात आग लागून अनेक बायका-मुलं गेली. त्या प्रकरणात २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने गृहिणीच्या कामाची किंमत महिन्याला ३,००० रुपये धरली. पुढे जानेवारी २०२१ च्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने सरकारच्या २०१९ च्या पाहणीचा आधार घेतला. त्या पाहणीनुसार घरातल्या बिनपगारी कामाला बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देते आणि पुरुष ९७ मिनिटं. म्हणून "ती काही कमवत नव्हती" हे म्हणणं आता चालत नाही.

भरपाईचा हिशोब कसा होतो ते पाहू. त्याची पद्धत सुप्रीम कोर्टाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत ठरवून दिली आहे. समजा एक ताई ३४ वर्षांची होती, स्वतःचा व्यवसाय होता आणि तिच्यावर चौघं अवलंबून होती. महिन्याची कमाई १०,००० रुपये सिद्ध झाली.

पुढे कमाई वाढली असती म्हणून ४० टक्के मिळवायचे: १४,००० रुपये.
वर्षाचे झाले: १,६८,००० रुपये.
तिचा स्वतःचा खर्च म्हणून चौथा हिस्सा वजा: उरले १,२६,००० रुपये.
३१ ते ३५ वयासाठी १६ ने गुणायचं: २०,१६,००० रुपये.

याशिवाय अंत्यविधी वगैरेची ठरलेली रक्कम वेगळी मिळते.

आता हाच हिशोब ५,००० रुपये कमाई धरून करा. उत्तर येतं १०,०८,००० रुपये. म्हणजे ताई तीच, कष्ट तेच, लेकरं तीच, आणि फरक दहा लाखांचा. हा फरक कागदाने पडतो.

आणि हे कागद आपल्याकडे असतात! गटाचं पासबुक, कर्जाच्या नोंदी, हप्ता वेळेवर फेडल्याची नोंद, दूध डेअरीची बिलं, मोंढ्यातल्या आडतीची पट्टी, रोजगार हमीचं जॉबकार्ड, शिलाई मशीनची पावती, मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचा कागद. आपण दशसूत्रीत 'नियमित हिशोब' म्हणतो ना, तो फक्त बँकेच्या ग्रेडिंगसाठी नसतो. उद्या कोर्टात आपल्या कमाईची साक्ष तो हिशोबच देऊ शकतो.

जखमी माणसाच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे. डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर अपंगत्व ३० टक्के असलं, तरी कमाईचं नुकसान ३० टक्केच असेल असं नाही. २०११ च्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलं. हात गेला तर कारकून कदाचित काम करू शकेल, पण ड्रायव्हर किंवा सुतार करू शकणार नाही. म्हणून आपण नेमकं कोणतं काम करत होतो, ते वकिलाला तपशिलात सांगा.

"एलआयसीचे पैसे मिळाले, मग भरपाई कशाला?" असंही कोणी म्हणेल. एसटी महामंडळाविरुद्धच्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने १९९८ मध्येच सांगितलं की जीवनविम्याची रक्कम भरपाईतून कापता येत नाही. हप्ता आपण भरलेला असतो.

फी किती आणि कशी?

अमेरिकेत अपघाताचे वकील "जिंकलो तर मिळालेल्या पैशाचा हिस्सा, हरलो तर काही नाही" अशा करारावर उघडपणे काम करतात. भारतात ते चालत नाही. बार कौन्सिलच्या नियमानुसार निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा मिळणाऱ्या रकमेत हिस्सा घ्यायला वकिलाला मनाई आहे. वकिलाला जाहिरात करून किंवा दलाल पाठवून केस मिळवायलाही बंदी आहे. म्हणून दवाखान्यात किंवा दारात येऊन टक्केवारी सांगणाऱ्याला सरळ नाही म्हणा. फी आधी ठरवा, कागदावर घ्या आणि दिलेल्या पैशाची पावती मागा.

फी परवडत नसेल तरी घाबरू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ नुसार कोणत्याही महिलेला, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मागण्याचा हक्क आहे. त्यासाठी तालुका विधी सेवा समिती किंवा परभणीच्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. १५१०० या हेल्पलाइनवरही माहिती मिळते. लोकअदालतीत तडजोड झाली तर पैसे लवकर मिळतात, पण त्या निकालावर अपील नसतं. म्हणून वरचा हिशोब करून बघितल्याशिवाय तडजोडीला हो म्हणू नका.

आपल्या मुलीही हे काम करू शकतात

महाराष्ट्राच्याच मातीतल्या कॉर्नेलिया सोराबजी १८६६ मध्ये नाशिकला जन्मल्या आणि ऑक्सफर्डला कायदा शिकून आल्या. पण भारतात बायकांना वकिली करायची मुभा देणारा कायदा १९२३ मध्ये झाला. आज वाट मोकळी आहे. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम असतो, त्यासाठी सीईटी द्यावी लागते. परभणी, नांदेडला विधी महाविद्यालयं आहेत. पदवी झाली की बार कौन्सिलची सनद घ्यायची आणि अखिल भारतीय बार परीक्षा पास व्हायचं. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सनदेसाठी खुल्या गटाकडून ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींकडून १२५ रुपयांपेक्षा जास्त नोंदणी फी घेता येणार नाही. सुरुवातीची काही वर्षं सीनियरच्या हाताखाली कमी पैशात काढावी लागतात, हेही मुलीला आधीच सांगा. पण कापूस वेचणीचा रोज किती आणि उचल म्हणजे काय, हे जिला कुणी शिकवावं लागत नाही, ती मुलगी आपली केस किती चांगली मांडेल!

या महिन्याच्या बैठकीत एवढं करू

१. प्रत्येकीने एक पिशवी करायची: आधार, रेशनकार्ड, पासबुक, जॉबकार्ड, विक्रीच्या पट्ट्या आणि बिलं त्यात ठेवायची. ती कुठे ठेवली, ते घरातल्या आणखी एका माणसाला सांगायचं.
२. घरच्या मोटारसायकलचा, ट्रॅक्टरचा विमा आणि चालवणाऱ्याचं लायसन्स चालू आहे का, ते बघायचं.
३. बँकेतला २० रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा सुरू आहे का, ते बँक सखीला विचारायचं. अपघाती मृत्यूला त्यात २ लाख मिळतात. कंपनीने दावा नाकारला तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते.
४. शेतकरी कुटुंबात अपघात झाला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेसाठी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात लगेच जायचं.
५. कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर सही किंवा अंगठा द्यायचा नाही. भरपाई स्वतःच्या नावाच्या खात्यातच घ्यायची.

ज्या घरात असा प्रसंग आधीच घडला आहे, तिथल्या ताईंनी कागद घेऊन आपल्या सीआरपीला किंवा मला भेटा. विधी सेवा समितीचा अर्ज आपण सोबत बसून भरू.

आपली,
क्षेत्र समन्वयक, पालम