खटला कुणाच्या गावात चालवायचा? जपानी गुन्हेकथांचे खेळ आणि आपली रूपांतरं



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, की तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात गेलेल्यांनी व्हिडिओ गेमवर का बोलावं? आमचं उत्तर सरळ आहे. एका भाषेतला अर्थ दुसऱ्या भाषेत जसाच्या तसा नेता येतो का, हा आमच्या विषयातला जुना प्रश्न. आम्ही तो वर्गात फळ्यावर मांडत आलो. गेमच्या धंद्यातल्या माणसांना मात्र तो ठरलेल्या तारखेच्या आत सोडवावा लागतो, आणि सोडवताना चूक झाली तर खेळणारा खेळ अर्ध्यावर टाकून देतो. तेव्हा त्यांनी काय केलं, हे बघण्यासारखं आहे. आणि त्यांनी केलेलं काम आपल्या मराठी रंगभूमीने शंभर वर्षांपूर्वीच केलं होतं, हे तर जास्तच बघण्यासारखं आहे.

आधी उदाहरण घेऊ. २००१ साली जपानच्या कॅपकॉम कंपनीने 'ग्याकुतेन साइबान' नावाचा खेळ काढला. कर्ते शू ताकुमी. 'ग्याकुतेन' म्हणजे पारडं फिरणं आणि 'साइबान' म्हणजे खटला. यात मारामारी नाही. खेळणारा बचावाचा वकील होतो. खुनाचा खटला, अशील निर्दोष, पण सगळा पुरावा त्याच्याविरुद्ध. साक्षीदाराची साक्ष ऐकायची, त्यातली विसंगती पकडायची आणि नेमका पुरावा पुढे करून ओरडायचं: हरकत! हा खेळ २००५ मध्ये इंग्रजीत आला आणि येताना त्याने घर बदललं. जपानातलं कोर्ट उठून अमेरिकेत लॉस एंजेलिसला गेलं.

घर बदललं म्हणजे काय काय बदललं? नायकाचं जपानी आडनाव नारुहोदो. जपानीत बोलता बोलता 'नारुहोदो' म्हटलं की त्याचा अर्थ होतो, 'अस्सं होय!' किंवा 'बरोबर आहे!' इंग्रजीत तो झाला फीनिक्स राइट. राइट म्हणजे बरोबर, गंमत टिकली. त्याचा प्रतिस्पर्धी सरकारी वकील मित्सुरुगी. त्या नावात तलवार आहे. इंग्रजीत तो झाला एजवर्थ, म्हणजे नावात धार राहिली. नायकाची मदतनीस मुलगी मूळ खेळात रामेन नूडल्सवर जीव टाकते, इंग्रजीत ती बर्गरवर टाकते.

आपल्या जुन्या साहित्यशास्त्राची हत्यारं इथे छान चालतात. शब्दाच्या तीन शक्ती आपण ऐकलेल्या आहेत: अभिधा, लक्षणा, व्यंजना. 'गंगेवर गवळीवाडा' हे त्याचं ठरलेलं उदाहरण. अभिधेने पाहिलं तर पाण्याच्या प्रवाहावर वाडा असणं अशक्य. लक्षणेने अर्थ होतो, गंगेच्या काठावर. आणि व्यंजना सुचवते ती तिथली शीतलता, पावित्र्य. काठ सांगायला 'काठ' हा शब्द होताच. तरी बोलणारा 'गंगेवर' म्हणतो तो या तिसऱ्या गोष्टीसाठी.

आता 'नारुहोदो'कडे या. अभिधेने ते एक आडनाव, तेवढंच घ्यायचं तर जसंच्या तसं ठेवा. पण मग खेळणाऱ्याला हसू येणार नाही. व्यंजना वाचवायची तर अभिधा सोडावी लागते. हाच खेळ उद्या मराठीत आणायचा झाला तर? आम्ही म्हणू, वकिलाचं आडनाव 'खरे' ठेवा. आपल्या कोकणात खऱ्यांची कमतरता नाही! आणि सरकारी वकील? 'धारप'. धार आपोआप आली. म्हणजे बघा, शब्द गेला, पण शब्दाने केलेलं काम राहिलं. चांगलं रूपांतर म्हणतात ते हे.

पण नावं आणि जेवण हा सोपा भाग झाला. गुन्हेकथेत एक जास्तीची पंचाईत असते: तिथे तपशील हाच पुरावा असतो. या खेळाच्या इंग्रजी आवृत्तीतला अगदी पहिला खटला घ्या. साक्षीदार सांगतो, प्रेत एक वाजता सापडलं. शवविच्छेदन सांगतं, मृत्यू चारनंतर झाला. उलगडा असा, की साक्षीदाराने ज्या घड्याळाचा आवाज ऐकला ते पॅरिसच्या वेळेवर लावलेलं होतं, कारण मयत बाई नुकतीच पॅरिसहून परतली होती. लॉस एंजेलिसमध्ये दुपारचे चार, तेव्हा पॅरिसमध्ये रात्रीचा एक. हिशेब जुळला, आरोपी सुटला.

आता हा खटला आपण रत्नागिरीच्या कोर्टात आणू. भारत आणि पॅरिस यांच्यात हिवाळ्यात साडेचार तासांचं अंतर असतं आणि उन्हाळ्यात साडेतीन तासांचं, कारण ते लोक घड्याळ पुढेमागे करतात. इथे दुपारचे चार म्हणजे तिथे उन्हाळ्यात दुपारचे साडेबारा. म्हणजे साक्षीदाराला 'एक वाजता' म्हणून चालणार नाही. त्याचं वाक्य बदललं की त्यावरचा प्रश्न बदलला, उत्तर बदललं, ऋतूसुद्धा ठरवून घ्यावा लागला. नाटकात गाव बदललं तर फार तर एखादं वाक्य खटकेल. गुन्हेकथेत गाव बदललं आणि हिशेब चुकला तर निर्दोष माणूस फासावर जाईल! शिवाय जपानी लिपीत चार अक्षरांत मावणारं वाक्य इंग्रजीत पाव ओळ खातं, आणि आपल्या देवनागरीला वर वेलांटी, रफार आणि खाली उकार यांसाठी जागा लागते. पडद्यावरची चौकट मात्र तेवढीच. भाषांतरकाराने अशा अडचणीत राहून काम करायचं असतं.

आता मराठीकडे येऊ. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९३ मध्ये 'फाल्गुनराव' हे गद्य नाटक लिहिलं. त्याचंच पुढे १९१६ मध्ये 'संशयकल्लोळ' हे संगीत नाटक झालं. मूळ फ्रेंच नाटक मोलिएरचं, त्यावरून आर्थर मर्फीने इंग्रजी केलं, आणि ते देवलांच्या हाती आलं. नीट पाहिलं तर हीही पुराव्याचीच गोष्ट आहे. एक तसबीर भलत्याच्या हातात जाते आणि जो तो तिच्यावरून चुकीचा निष्कर्ष काढतो. देवलांनी पात्रांना महिन्यांची आणि नक्षत्रांची नावं दिली: फाल्गुनराव आणि कृत्तिका, अश्विनशेठ आणि रेवती, आणि हाताखाली भादव्या. प्रेक्षक विसरूनच गेला की हे परकं आहे.

पण एक बदल फार बोलका आहे. मर्फीच्या नाटकातली प्रेयसी ही प्रतिष्ठित घरातली कुमारिका. ती प्रियकराला भेटते, त्याच्याशी भांडते, रुसते. देवलांच्या काळच्या मराठी घरात लग्नाआधी असं वागणारी घरंदाज मुलगी दाखवली तर प्रेक्षकाला ते खरंच वाटलं नसतं. देवलांची रेवती कलावंतिणीच्या घरातली आहे. एवढा एक बदल केला आणि गोष्ट उभी राहिली. पण त्याबरोबर आपल्या समाजाची एक नोंदही होऊन गेली: प्रेम बोलून दाखवायची मुभा कोणत्या बाईला होती आणि कोणत्या बाईला नव्हती. रूपांतर हे मूळ कृतीइतकंच ती घेणाऱ्या समाजाबद्दल सांगतं, ते असं.

पुढे बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. इंग्रजी रहस्यकथेचं वळण त्यांनी मराठी वाचकाच्या इतकं अंगवळणी पाडलं की धनंजय आणि छोटू, झुंजार, काळा पहाड ही मंडळी परकी वाटलीच नाहीत. आणि पु. ल. देशपांड्यांची 'ती फुलराणी' १९७५ ची. शॉच्या 'पिग्मॅलियन'मधली लंडनची फुलवाली इथे मंजुळा झाली. लंडनच्या गल्लीतली बोली मराठीत कशी आणणार? पुलंनी ती आणलीच नाही. त्यांनी विचारलं असावं, की आपल्याकडे कुणाच्या बोलण्याला नाकं मुरडली जातात? आणि मग ती बोली मंजुळेच्या तोंडी घातली.

आता आम्ही आमच्या मुख्य मुद्द्याशी आलो. १८१३ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ श्लायरमाखर यांनी बर्लिनच्या व्याख्यानात सांगितलं, की भाषांतरकारापुढे दोनच वाटा असतात. वाचकाला उठवून लेखकाच्या घरी न्यायचं, किंवा लेखकाला वाचकाच्या घरी आणायचं. 'तोत्तोचान' मराठीत आली ती पहिल्या वाटेने; ती जपानी मुलगी जपानीच राहिली आणि आपल्या मुलांनी तिच्यावर प्रेम केलं. 'फुलराणी' आली दुसऱ्या वाटेने. दोन्ही उत्तम. मग वाट निवडायची कशावरून?

आम्हाला वाटतं, प्रत्येक गुन्हेकथेत एक उघड आरोपी असतो आणि एक न सांगितलेला. उघड आरोपी म्हणजे खुनी. न सांगितलेला म्हणजे ती व्यवस्था, जिच्यामुळे निर्दोष माणूस पिंजऱ्यात उभा राहिला. नारुहोदोच्या खेळात खटला तीन दिवसांत संपवायचा असतो, ज्यूरी नसते, आणि आरोपी म्हणजे जणू गुन्हेगारच असं सगळे धरून चालतात. जपानमध्ये खटला कोर्टात उभा राहिला की ९९ टक्क्यांहून जास्त वेळा शिक्षा होते. हा खेळ आला तेव्हा तिथे निकाल फक्त न्यायाधीश देत. सामान्य नागरिकांना त्यांच्या बरोबरीने बसवायची पद्धत २००९ मध्ये सुरू झाली. म्हणजे जपानी खेळणाऱ्याला हा खेळ टोचू शकतो. तेच कोर्ट लॉस एंजेलिसला नेलं की अमेरिकन खेळणारा म्हणतो, काय हे विचित्र कोर्ट, ज्यूरी कुठे आहे? तो हसतो. टोचणी गेली, गंमत उरली.

इथे एक मजेशीर गोष्ट लक्षात घ्या. मराठी खेळणाऱ्याला ज्यूरी नसणं विचित्र वाटणारच नाही. १९५९ च्या नानावटी प्रकरणात मुंबईच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीला निर्दोष ठरवलं, हायकोर्टाने तो निकाल फिरवला, आणि पुढे ज्यूरी आपल्याकडून गेलीच. या बाबतीत आपण अमेरिकेपेक्षा जपानला जवळचे. म्हणजे जपानी खेळ इंग्रजीवरून मराठीत आणला तर आपण आधी एका परक्या घरी जाऊन मग आपल्या घरी येऊ, आणि जी गोष्ट सरळ पोचली असती ती वाटेत हरवून येऊ.

अमेरिकेच्या घरात एक अडचण पुढे वाढतच गेली. मदतनीस मुलीचं घराणं मृतात्म्यांना अंगात आणणारं. जपानी गाव, जपानी देवघर, जपानी वेश, आणि म्हणायचं कॅलिफोर्निया! पुढच्या खेळांचं इंग्रजी रूपांतर सांभाळणाऱ्या जॅनेट शू यांनी त्यावर तोडगा म्हणून एक वेगळाच इतिहास कल्पिला: अमेरिकेत जपानी लोकांविरुद्धचे कायदे झालेच नाहीत आणि त्यांची संस्कृती तिथे बहरली, असं हे लॉस एंजेलिस. तोडगा हुशारीचा आहे. पण एका रामेनच्या वाडग्यापासून सुरुवात करून शेवटी एका देशाचा इतिहास बदलावा लागला, हेही खरं.

याच मालिकेतला मेइजी काळातला खेळ इंग्रजीत २०२१ मध्ये आला, आणि तेव्हा मात्र घर बदललं नाही. त्यात नायक जपानी विद्यार्थी, तो लंडनच्या कोर्टात उभा राहतो, आणि गोरे लोक त्याला तुच्छ लेखतात. न सांगितलेला आरोपी इथे ब्रिटिश साम्राज्य आहे. नायकाला इंग्रज केला असता तर फिर्यादच राहिली नसती.

दुसरं उदाहरण थोडक्यात. 'ऱ्यू गा गोतोकु', म्हणजे 'ड्रॅगनसारखा', हा सेगा कंपनीचा २००५ चा खेळ. टोळीतून बाहेर पडू पाहणाऱ्या माणसाची ती कथा. पुढे तो अनाथ मुलांचा आश्रम चालवतो. पाश्चात्त्य बाजारात नाव दिलं 'याकुझा', म्हणजे नुसती टोळी. पहिल्या खेळाला हॉलिवूडच्या नटांचे इंग्रजी आवाज दिले, तिसऱ्यातले फार जपानी वाटणारे भाग कापले. खेळणाऱ्यांना तेच हवे होते! पुढच्या काळात मूळ जपानी आवाज राहिले, कापलेलं परत आलं, आणि २०२२ मध्ये इंग्रजी नावसुद्धा 'ड्रॅगनसारखा' या अर्थाचं झालं. वाचकाला परकं झेपत नाही हे धंद्याने आधीच ठरवलं होतं. वाचकाने ते खोटं ठरवलं.

आता उलट करून बघा. समजा, आपल्या कोकणातली गुन्हेकथा कुणी ओसाकासाठी तयार करतो आहे. सामायिक आंब्याचं कलम, कोरलेला बांध, सातबाऱ्यावरून उडालेलं एक नाव, मुंबईत राहणारे चार हिस्सेदार, आणि खुनाच्या आदल्या दिवशी ग्रामदेवतेला लावलेला कौल. रूपांतरकार म्हणाला, आंब्याच्या जागी पर्सिमॉन घाला, कौलाच्या जागी देवळातली चिठ्ठी. आपण म्हणू, चालेल. पण तो म्हणाला, सातबाऱ्याची भानगड काढून टाका, फार गुंतागुंतीची आहे, खून रागाच्या भरात झाला असं दाखवा. तिथे आपण हरकत घेतली पाहिजे. कारण सातबारा गेला की वारसातून जिचं नाव गाळलं ती बहीण गेली, आणि तिच्यासाठीच तर ही गोष्ट सांगितली होती.

म्हणून आमचं मत असं: नाव बदला, जेवण बदला, विनोद तर बदलाच. गावही बदला. पण गाव बदलताना न सांगितलेला आरोपी त्या नव्या गावात सापडतो का, हे आधी शोधा. पुलंना तो सापडला. शुद्ध बोलण्याचा तोरा आपल्या गावात भरपूर होता, म्हणून मंजुळेची फिर्याद आपल्यावरच येऊन पडली. तो सापडत नसेल तर गोष्टीला तिच्या गावात राहू द्या आणि वाचकाला तिकडे न्या.

आपल्या घरातली मुलं हे खेळ आज बहुतेक इंग्रजीत खेळतात. उद्या कुणीतरी ते मराठीत आणेल, आणि ते करणारी मुलं कदाचित याच सभागृहात मागच्या रांगेत बसली असतील. त्यांनी कामाला बसण्याआधी इंग्रजी आवृत्तीशेजारी मूळ जपानी उघडून ठेवावी, एवढीच आमची विनंती. आता प्रश्नांना वेळ ठेवू.