गिऱ्हाइकाला महिन्याचे पत्र

रमजान आला की आपल्या मोहल्ल्यातील कितीतरी घरांत चार पैसे येतात. कुणी समोसा पट्टी करून देते, कुणी बिर्याणी मसाला कुटते, कुणी ईदचे कपडे शिवते. ईद होते आणि शिलाई मशीनवर पुन्हा चादर पडते. पुढचे दहा-अकरा महिने मुलांची फी, लाइट बिल, औषधपाणी चालूच असते. कमाई मात्र थांबलेली. आपण म्हणतो, "सीझन संपला." खरे पाहता गिऱ्हाईक आपल्याला विसरलेले असते. दोनशे घरांत माल गेला, पण त्यातल्या वीस घरांची नावेही आपण लिहून ठेवत नाही.

यावर एक जुना आणि स्वस्त उपाय आहे. तो म्हणजे व्यवसायाचे बातमीपत्र, ज्याला आज न्यूजलेटर म्हणतात.

हे काही परदेशी खूळ नव्हे. नांगर आणि शेतीची अवजारे बनविणाऱ्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्याने 1920 साली 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. शं. वा. किर्लोस्कर त्याचे संपादक होते. कारखान्याच्या मालाची माहिती देणारे हे पत्र पुढे 'किर्लोस्कर' हे नामांकित मासिक बनले, आणि 1930 साली त्याच घराण्यातून 'स्त्री' मासिक निघाले. अमेरिकेत जॉन डिअर या नांगर कंपनीने तर 1895 सालीच शेतकऱ्यांसाठी 'द फरो' हे नियतकालिक काढले होते. दोघांनी ओळखले ते एकच: वाचकाच्या उपयोगाचे काही दिले, तर तो आपला मालही लक्षात ठेवतो.

मग आपल्या पत्रात काय असावे? नुसती भावांची यादी पाठवली तर दुसऱ्या महिन्यापासून कुणी उघडून पाहणार नाही. मसाला विकणारीने लिहावे की बेडगी मिरची रंग देते, लवंगी तिखटपणा. दोन्हींचा मेळ कसा घालावा, बरणी ओल्या चमच्यापासून का जपावी. शिवणकाम करणारीने सांगावे की सुती कापड शिवायच्या आधी भिजवून वाळवावे, नाहीतर पहिल्याच धुण्यात कुर्ता आखूड होतो. शेवटी दोन ओळी आपल्या मालाच्या: या महिन्यात काय मिळेल, भाव काय, ऑर्डर कोणत्या तारखेपर्यंत. एवढे पत्र महिन्यातून एकदा पुरे.

पाठवण्यासाठी व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट सोयीची. एका यादीत 256 नावे बसतात. मात्र ज्यांनी आपला नंबर सेव्ह केला आहे, त्यांनाच पत्र पोहोचते. म्हणून माल देतानाच विचारावे, "आपा, महिन्याला एक पत्र पाठवले तर चालेल का? माझा नंबर सेव्ह कराल?" न विचारता कुणालाही यादीत घेऊ नये. गिऱ्हाइकांचा ग्रुप तर करूच नये. ग्रुपमध्ये प्रत्येकीचा नंबर अनोळखी माणसांना दिसतो. ब्रॉडकास्टमध्ये तो झाकलेला राहतो. आपल्या भरवशावर दिलेला नंबर ही अमानत आहे. ज्या घरांत स्मार्टफोन नाही, तिथे पत्राची झेरॉक्स पिशवीत घालून द्यावी.

आता हिशेब पाहू. समजा यादीत 100 घरे आहेत आणि त्यांपैकी 12 घरांनी प्रत्येकी 300 रुपयांचा मसाला घेतला. विक्री झाली 3,600 रुपयांची. मिरची-धणे, दळणावळ आणि पिशव्या मिळून 2,500 गेले, तर हातात 1,100 उरतात. रक्कम मोठी नाही. पण ती सुन्या महिन्यात येते, आणि तिच्यासाठी दुकानाचे भाडे लागत नाही. शिवाय आधी ऑर्डर आणि मग दळण, असा क्रम ठेवला की माल पडून राहत नाही.

यादी वाढली की शेजारची मेहंदी काढणारी किंवा शिकवणी घेणारी भगिनी आपल्या पत्रात जाहिरात देऊ शकते. त्याचे ठरावीक पैसे घ्यावेत, पण ती जाहिरात आहे हे स्पष्ट लिहावे. जो माल आपण पाहिला-वापरला नाही, त्याची शिफारस करू नये. एकदा विश्वास गेला की सगळी यादी कोरी.

आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. त्यामुळे गेल्या वर्षीच्या तारखा पाहून पत्र काढू नये. शाबानच्या सुरुवातीलाच रमजानच्या ऑर्डरचे पत्र जावे. शाळेच्या गणवेशाचे पत्र मात्र मे महिन्यातच गेले पाहिजे. खाण्याचा माल विकणाऱ्यांनी अन्नसुरक्षा खात्याची, म्हणजे एफएसएसएआयची, नोंदणी करून तो क्रमांक पाकिटावर छापावा.

सुरुवातीला कॉम्प्युटर नको, भांडवल नको. एक वही घ्यावी. नाव, मोहल्ला, नंबर, काय घेतले, काय आवडले, एवढेच रकाने आखावेत. या आठवड्यात पंचवीस नावे लिहिली तरी पहिले पत्र निघू शकते. घरातल्या मुलीला ते टाइप करायला सांगावे. आईच्या हातचा हुनर आणि मुलीचे शिक्षण एकत्र आले, तर ईदनंतरही मशीनवरची चादर निघेल.