चिलटाचं डोकं, बारा हजार वर्षांपूर्वीचं तापमान

दिसायला हुबेहूब डास, पण चावत नाही. रक्त शोषायची सोंडच नाही त्याला. तळ्याकाठी तिन्हीसांजेला घोंगावणाऱ्या या चिलटाला शास्त्रज्ञ कायरोनोमिड म्हणतात. पंख फुटल्यावर बिचारं जेमतेम काही दिवस जगतं. हवामानाचा इतिहास लिहिणाऱ्यांना मात्र उडत्या चिलटात काडीचा रस नाही. त्यांना हवं असतं त्याच्या अळीचं डोकं, तेही टाकून दिलेलं!

अळीचा मुक्काम तळ्याच्या तळाशी. वाढताना ती कात टाकते आणि कातीबरोबर डोक्याचं कवचही सोडून देते. हे कवच कायटिनचं असल्यामुळे गाळात गाडलं गेलं की हजारो वर्षं टिकतं.

ते शोधायचं कसं? गाळ कॉस्टिक पोटॅशच्या गरम द्रावणात मोकळा करायचा, सुमारे 0.1 मिलिमीटर छिद्रांच्या चाळणीतून धुवायचा आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली बारीक चिमट्याने एकेक डोकं वेचायचं. एका थरातून निदान 50 डोकी तरी हवीत. तांदूळ निवडायला कंटाळणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये. त्यानंतर ओळख परेड, आणि ती मुख्यतः दातांवरून. जबड्याच्या पट्टीवर दात किती, मधला एकच की जोडीने, यावरून प्रकार ठरतो.

दातांवरून तापमान? हो. काही प्रकारांना थंडगार तळी लागतात, काहींना उबदार. आजच्या अनेक तळ्यांत कोणती चिलटं आहेत आणि तिथलं जुलैचं सरासरी तापमान किती, याची सांगड घालून गणित बसवतात आणि तेच जुन्या थरांना लावतात. उत्तर साधारण एक-दीड अंश इकडेतिकडे होतं. तळ्याची खोली आणि पाण्यातला ऑक्सिजनही चिलटांवर परिणाम करतात, म्हणून जाणकार या आकड्यांवर डोळे मिटून विसंबत नाहीत.

तरीही करामत मोठी आहे. हिमयुग सरत आलेलं असताना, सुमारे 12,900 वर्षांपूर्वी, उत्तर अटलांटिकच्या आसपास थंडी अचानक उलटून आली आणि हजारावर वर्षं मुक्कामाला राहिली. हा काळ यंगर ड्रायस. 1991 मध्ये इयन वॉकर आणि सहकाऱ्यांनी पूर्व कॅनडातल्या तळ्याच्या गाळातून या थंडीचा माग काढला, तो चिलटांच्या डोक्यांवरूनच.

कॅनडाच्याच बॅफिन बेटावरच्या एका तळ्यात तर सुमारे दोन लाख वर्षांपूर्वीपर्यंतचे थर सापडले. 2009 मध्ये जाहीर झालेला निष्कर्ष असा: थंडीप्रिय चिलटं 1950 च्या सुमारास एकदम घटली. त्याआधीच्या थरांत हवामान कितीतरी वेळा पालटलेलं दिसतं, पण अलीकडचा बदल त्या कशातच बसत नाही.

थंडीप्रिय म्हणजे किती? नेपाळच्या लांगतांग भागातल्या हिमनदीवर 1984 मध्ये नोंदवलेलं चिलट उणे 16 अंशांतही हालचाल करतं. अंटार्क्टिकाच्या जमिनीवर बारा महिने राहणारा सर्वांत मोठा प्राणीही चिलटच, तो बिनपंखी आणि लांबीला काही मिलिमीटर. पेंग्विन आणि सील समुद्राच्या जिवावर जगतात, त्यामुळे ते या शर्यतीत नाहीत.

मला विचाराल तर चिलटांपेक्षा भुंगेऱ्यांची गोष्ट जास्त रंगतदार. तिचा नायक बर्मिंगहॅम विद्यापीठाचे रसेल कूप. ओला गाळ रॉकेलमध्ये कालवायचा आणि वरून पाणी ओतायचं: किड्यांचे तुकडे रॉकेलबरोबर वर तरंगतात, माती खाली बसते. एवढ्या साध्या युक्तीतून निघालेल्या पंखांच्या टरफलांवरून कूप यांनी सांगितलं की हिमयुगाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये ऊब अगदी झपाट्याने आली. परागकणांच्या अभ्यासातून ते तितकं ठळक दिसत नव्हतं, कारण ऊब आली तरी जंगल पसरायला वेळ लागतो. भुंगेरे उडत येतात, ते थांबतात कशाला?

आणि 1973 चा तो शोध! इंग्लंडमधल्या हिमयुगातल्या थरांत कूप यांना शेणात राहणारा एक भुंगेरा मिळाला, अफोडियस होल्डेरेरी. आज तो सापडतो फक्त तिबेटच्या पठारावर. मॅमथ आणि केसाळ गेंड्यांच्या त्या जमान्यात शेणाला तोटा नव्हता, आणि इंग्लंडची थंडीही त्याला मानवत होती.