जुना इंजिन-ब्लॉक पारखताना

बाजारात माठ घेताना आजी काय करते, ते तुम्ही पाहिले असेल. माठ एका हाताने अधांतरी धरून ती त्यावर टिचकी मारते. खणखणीत वाजला तर घेते, बद्द वाजला तर परत ठेवते. तडकलेल्या माठात भेगेच्या दोन कडा एकमेकींवर घासतात, कंपनाची ऊर्जा तिथेच खर्ची पडते आणि नाद लगेच विरतो. आजीची टिचकी म्हणजे भौतिकशास्त्राचा प्रयोगच होय.

आता हाच प्रश्न एका अवजड वस्तूबाबत विचारू. समजा, एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरचा इंजिन-ब्लॉक फुटला. नवा घेणे परवडत नाही, म्हणून तो जुन्या सुट्या भागांच्या बाजारात आला. समोर ताजा रंग दिलेला एक ब्लॉक आहे. तो घ्यावा की नाही? येथे केवळ ब्लॉकच्या किमतीचा प्रश्न नाही. पुढे पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट आणि मिस्त्रीची मजुरी असा बराच खर्च होतो. सर्व जोडणी झाल्यावर ऑइलमध्ये पाणी उतरू लागले, तर हा सारा खर्च वाया जातो आणि पेरणीचे दिवसही हातचे जातात.

बीड आणि त्याचा स्वभाव

ब्लॉक म्हणजे इंजिनाचा सांगाडा. सिलिंडर, त्यांच्याभोवती पाणी खेळवणारे मार्ग आणि क्रँकशाफ्टच्या बेअरिंगच्या बैठका हे सारे त्यात एकसंध ओतलेले असते. बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्लॉक बिडाचे असतात. आपल्याकडे कोल्हापूर परिसरातील ओतशाळा अशा ओतकामासाठी प्रसिद्ध आहेत. बिडात सुमारे अडीच ते चार टक्के कार्बन असतो आणि तो मुख्यतः ग्राफाइटच्या सूक्ष्म पापुद्र्यांच्या रूपात विखुरलेला असतो. या पापुद्र्यांमुळे बीड कापायला सोपे जाते आणि इंजिनाची कंपने शोषून घेते. पण त्यांच्यामुळेच ते ठिसूळ असते. दाब उत्तम सोसते, ताण मात्र फारसा सोसत नाही.

आता आजीची युक्ती येथे का अपुरी पडते, ते लक्षात येईल. जो पदार्थ मुळातच कंपने गिळतो, त्याच्या आवाजावरून केसासारखी भेग ओळखणार कशी? मोठी तडा असेल तर हातोडीच्या हलक्या ठोक्याने कळेल. बारीक भेग मात्र गप्प राहील.

आधी भेग शोधा

सिलिंडरची झीज आणि गंज चटकन डोळ्यांत भरतात, म्हणून गिऱ्हाईक आधी तेच पाहते. खरा क्रम उलटा असावा. झीज बहुधा दुरुस्त करता येते. भेग, विशेषतः बेअरिंगच्या बैठकीतील भेग, बहुधा येत नाही. जो दोष असाध्य, तो आधी शोधावा.

भेगेची एवढी धास्ती का? इंग्लिस या ब्रिटिश अभियंत्याने १९१३ साली गणिताने दाखवले की, ताणाखालील पत्र्यात लंबवर्तुळाकार छिद्र असेल, तर त्याच्या टोकाशी ताण कैक पटींनी वाढतो. ताणाच्या दिशेला आडव्या असलेल्या छिद्राची लांबी रुंदीच्या दहापट असेल, तर ही वाढ एकवीस पट होते! भेगेची लांबी तर रुंदीच्या शेकडो पट असते. म्हणून भेग एकदा पडली की ती पुढे सरकू पाहते.

भेगा कोठे शोधाव्यात? दोन सिलिंडरांमधील अरुंद जागी, बोल्टच्या छिद्रापासून पाण्याच्या मार्गापर्यंत, पाण्याच्या कप्प्याच्या बाहेरच्या भिंतीवर आणि बेअरिंगच्या बैठकांत. इंजिन अति तापल्यावर त्यात एकदम थंड पाणी ओतले, तर एक भाग आकसतो, शेजारचा फुगलेलाच राहतो आणि बीड तडकते. इंजिन लडाखसारख्या थंड प्रदेशात वापरलेले असेल, तर आणखी एक कारण संभवते. पाण्याचे बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते आणि ते कप्प्याची भिंत फोडते.

भेगेला बोलते करण्याचे तीन उपाय

पहिला उपाय रॉकेल आणि खडूचा. संशयित जागेवरील रंग व तेलकटपणा काढून ती कोरडी करावी. ताजा रंग पाहून भुलू नये. रंगाखाली पुट्टी भरलेली असू शकते. मग तेथे रॉकेल लावून पंधरा-वीस मिनिटे थांबावे. रॉकेलचा पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याहूनही कमी असतो आणि ते धातूला सहज भिजवते, त्यामुळे केशाकर्षणाने ते भेगेत खोल शिरते. नंतर पृष्ठभाग कोरडा पुसून त्यावर खडूची पूड पसरावी. पुडीच्या कणांमधील फटी भेगेहूनही बारीक असतात. फट जितकी बारीक, तितके केशाकर्षण जोरदार. म्हणून भेगेतले रॉकेल पुडीत ओढले जाते आणि पांढऱ्या पृष्ठावर काळसर रेघ उमटते.

दुसरा उपाय लोहचुंबकाचा. बिडात चुंबकीय बलरेषा सहज वाहतात, पण भेगेपाशी त्या अडतात आणि काही बाहेर पडतात. तेथे लोहकीस शिंपडला की तो भेगेवर ओळीने गोळा होतो. मात्र बलरेषा भेगेला आडव्या जायला हव्यात. म्हणून चुंबक एकदा उभा व एकदा आडवा ठेवून पाहावे. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकवर हा उपाय चालत नाही, हे सांगायला नकोच.

तिसरा उपाय कारखान्यातील. पाण्याच्या मार्गांची तोंडे बंद करून ब्लॉक गरम पाण्यात बुडवतात आणि आत दाबाने हवा सोडतात. भेग आरपार असेल तेथून बुडबुडे येतात. पाणी गरम घेण्याचे कारण असे की, थंडपणी मिटलेली भेग तापल्यावर उघडू शकते.

मग सपाटी, शेवटी झीज

ब्लॉकच्या माथ्यावर हेड बसते. हा माथा वाकला असेल तर गॅस्केट टिकत नाही. माथ्यावर पोलादी सरळपट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर उभी धरावी व खालून फीलर गेजची पाती सरकवून पाहावी. सूट किती, हे निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेले असते. ती बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते.

झीज सर्वत्र सारखी नसते. रिंग जेथवर वर येते, तेथे ती सर्वांत जास्त असते. कारण त्या जागी वायूचा दाब रिंगला भिंतीवर रेटतो, उष्णतेने तेल पातळ होते आणि पिस्टन क्षणभर थांबत असल्याने तेलाचा थर तुटतो. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरपा असताना बलाचा एक घटक पिस्टनला बाजूच्या भिंतीवर दाबतो, म्हणून गोल सिलिंडर हळूहळू लंबवर्तुळाकार होतो. यासाठी व्यास वर, मध्ये व तळाशी, आणि प्रत्येक ठिकाणी दोन काटकोनी दिशांनी मोजावा.

समजा, मूळ व्यास १००.०० मिलिमीटर होता. आता वरच्या बाजूस १००.२० आणि १००.१२, तर तळाशी १००.०४ भरला. म्हणजे गोलाई ०.०८ ने आणि वरखालचा सारखेपणा ०.१६ ने बिघडला. मोठे पिस्टन पाव पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनी मिळत असतील, तरी १००.२५ ला कापायला वाव फारच थोडा उरतो, १००.५० वर जाणे शहाणपणाचे. ब्लॉक आधीच शेवटच्या पायरीपर्यंत कापलेला असेल, तर नवे लायनर बसवण्याचा खर्च धरूनच किंमत ठरवावी.

मोजताना एक पथ्य पाळावे. बिडाचा प्रसरण गुणांक अंशाला सुमारे ०.००००११ आहे. उन्हात ब्लॉक मोजपट्टीपेक्षा ३० अंशांनी जास्त तापला, तर १०० मिलिमीटरचा व्यास ०.०३३ मिलिमीटरने वाढलेला दिसेल! ब्लॉक आणि मोजमापाचे साधन एकाच तापमानाला आल्यावरच आकडा लिहावा.

करून पाहा

शिक्षकांच्या देखरेखीखाली, ज्योतीपासून दूर, केसासारखी भेग पडलेली कपबशी घ्या. तिच्यावर रॉकेल लावा, पुसा आणि खडूची पूड पसरा. रॉकेल न मिळाल्यास डिझेल चालेल. मग हाच प्रयोग साध्या पाण्याने करा. कोणती रेघ अधिक स्पष्ट उमटते आणि का, ते वहीत नोंदवा. पुढे कधी कोणी ओळखीचे जुने इंजिन घ्यायला निघाले, तर खिशात खडू घेऊन त्यांच्याबरोबर अवश्य जा.