दहा मिनिटांचं स्किट आणि निकालानंतरचा तास

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी मराठी शिकवते आणि सांस्कृतिक विभागही माझ्याकडे आहे. त्यामुळे ऑगस्ट उजाडला की माझ्या टेबलाभोवती दोन प्रकारची पोरं जमायला लागतात. काहींना परीक्षेचा फॉर्म भरायचा असतो, काहींना स्किटमध्ये घ्यावं अशी गळ घालायची असते. दुसरी पोरं जास्त चिकाटीची. युवक महोत्सवात गाणं, नृत्य, वक्तृत्व, रांगोळी असं खूप काही असतं, पण नाव नोंदवायला सगळ्यात मोठी झुंबड उडते ती हसवायच्या प्रकारांसाठी.

आमचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्थापन झालं. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे त्याच्याकडे. युवक महोत्सव कधी विद्यापीठाच्या आवारात, तर कधी एखाद्या कॉलेजाच्या यजमानपदाखाली होतो. तिथून निवडलेली मुलं राज्याच्या आंतरविद्यापीठ महोत्सवाला, म्हणजे २००३ पासून भरणाऱ्या ‘इंद्रधनुष्य’ला जातात. दुसरी वाट भारतीय विश्वविद्यालय संघाच्या पश्चिम विभागीय आणि मग राष्ट्रीय महोत्सवाची. किनवटच्या डोंगराकडचा पोरगा या वाटेनं थेट परराज्यातल्या रंगमंचावर जाऊन उभा राहू शकतो, हे अजून पुष्कळ पालकांना माहीतच नाही.

संघाच्या नियमाप्रमाणे स्किटमध्ये जास्तीत जास्त सहा जण आणि वेळ दहा मिनिटं. मूकाभिनयाला सहा जण आणि पाच मिनिटं, नकलेला एकटा माणूस आणि पाच मिनिटं. एकांकिकेला मात्र अर्धा तास मिळतो आणि नऊ कलाकार चालतात. स्किटमध्ये रंगभूषा, पडदे, पार्श्वसंगीत चालतं. चित्रपटातलं गाणं चालत नाही. अश्लीलता आणि बोचरे टोमणे टाळावेत, निर्मळ विनोद असावा, असंही नियमात लिहिलेलं आहे. ही शेवटची ओळ मी दरवर्षी पहिल्या तालमीला मोठ्यानं वाचून दाखवते. ती का, ते पुढे येईलच.

दहा मिनिटं कमी वाटतात, पण तमाशात हे काम बतावणी कित्येक पिढ्या करत आली आहे. गण झाला, गौळण झाली की वग उभा राहायच्या आधी सोंगाड्या आणि त्याचा जोडीदार समोरासमोर येतात, एखादी साधी गोष्ट धरतात आणि तिचा पार बुकणा पाडतात. लिहिलेलं फारसं काही नसतं. समोर बसलेली माणसं बघून, गावातली ताजी भानगड कानावर घेऊन ते बोलत जातात. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत फड उतरतात, तेव्हा हे जवळून बघायला मिळतं. एकनाथांच्या भारुडांची सोंगंही आमच्याच पैठणची. आमच्या पोरांना स्किट नवीन वाटतं कारण ते टीव्हीवर दिसतं. त्यांच्या आजोबांनी ते कंदिलाच्या उजेडात पाहिलेलं आहे.

फडात नवा पोरगा शिकायचा तो विंगेत उभा राहून, वर्षानुवर्षं बघून. कॉलेजच्या पोराकडे दीड-दोन महिने असतात आणि तेवढ्यातच सोयाबीनची काढणीही येते. म्हणून कार्यशाळा लागते. आमच्याकडे ती घ्यायला आमचाच एक जुना विद्यार्थी येतो. नाट्यशास्त्र शिकलेला आहे, आता स्वतःची नाटकं बसवतो. पहिल्या दिवशी तो कुणालाच बोलू देत नाही. टेबलं भिंतीला लावून हॉल मोकळा करायचा आणि टँकरच्या रांगेत उभं राहायचं. हातात काही नाही. “हंडा भरलाय का रिकामा, ते मला मागच्या खुर्चीवर बसून कळलं पाहिजे,” एवढंच तो सांगतो. पोरं आधी तोंड वेडंवाकडं करून हसवायला बघतात. तासाभरानं खांदा एका बाजूला झुकायला लागतो, पावलं जपून पडायला लागतात, पाणी सांडलं की रांगेतल्या सहाही जणांची नजर एकाच ठिकाणी जमिनीवर जाते. त्या क्षणी हॉलमध्ये पहिलं खरं हसू येतं. कुणी विनोद केलेला नसतो.

याच रांगेतून एका वर्षीचं स्किट निघालं. मार्च २०१६ मध्ये लातूरला पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लागली होती, पाचपेक्षा जास्त माणसांनी एकत्र यायचं नाही. १२ एप्रिलला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे आली. स्किटमधली पोरं तेव्हा शाळेत होती. बादल्या घेऊन घरातल्या मोठ्यांबरोबर तीही उभी राहिलेली, त्यामुळे त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. पाच जण रांगेत, सहावा हवालदार, जमाव होऊ नये म्हणून पहारा देणारा. स्किटचे नेमके सहा झाले.

पहिल्या खर्ड्यात नुसत्या कोट्या होत्या. प्रत्येकाला आपला एक पंच हवा होता. कार्यशाळा घेणाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, यात घडतं काय? कुणाला उत्तर देता येईना. संगीताची जबाबदारी असलेली, कोपऱ्यात बसून असणारी एक मुलगी तेव्हा म्हणाली, “हवालदाराच्या घरी पानी असतंय का?”

तिथून पुढचं दोन तासांत जुळलं. हवालदार पहिली सहा मिनिटं पाच जणांना मोजतो. सहावा म्हणून म्हातारीच्या कडेवरचं लेकरू धरायचं का, यावर वाद घालतो. मग त्याला घरून फोन येतो. तो इकडेतिकडे बघतो, विंगेत जातो आणि घागर घेऊन रांगेच्या शेवटी उभा राहतो. आता सहा झाले. कायदा मोडला, पण मोजायला कुणी उरलं नाही. ती मुलगी स्किटमध्ये म्हातारी झाली, आणि लेकरू म्हणून तिनं दप्तर कडेवर घेतलं.

कार्यशाळेचा उपयोग मला इथे दिसतो. तिथे विनोद शिकवत नाहीत. प्रसंगात नेमकं काय उलटतं ते शोधायला शिकवतात, आणि जो पोरगा बोलत नाही त्याचं ऐकायला लावतात. शिकागोमध्ये व्हायोला स्पोलिन या बाईंनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस असेच नाट्यखेळ तयार केले. त्यांच्यापुढे स्थलांतरितांची मुलं होती, घराघरात वेगळी भाषा. संवाद पाठ करून घेण्यापेक्षा खेळातून काम करून घेणं त्यांना जमलं. १९६३ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांचा मुलगा पॉल सिल्स ‘सेकंड सिटी’च्या संस्थापकांपैकी एक, ही मंडळी १९५९ पासून शिकागोत छोटी विनोदी नाट्यं करत आली आहेत, आणि अमेरिकेतल्या विनोदी नटांच्या कित्येक पिढ्या तिथून गेल्या. आमच्या चार जिल्ह्यांची परिस्थिती स्पोलिनबाईंच्या वर्गापेक्षा फार वेगळी नाही. उदगीरच्या पोराच्या तोंडात कानडी, देगलूरच्या तोंडात तेलुगू, नांदेडच्या जुन्या वस्तीतल्या पोराची दखनी, तांड्यावरून आलेल्या मुलीची गोरमाटी. प्रमाण मराठीतले लांबलचक संवाद दिले की यातली निम्मी पोरं दगड होतात. रांगेत उभं केलं की बोलायला लागतात, आणि आपापल्या बोलीत बोलतात.

बोलीवरून एक सांगते. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा प्रयोग एकट्यानं ५२ पात्रं उभी करून करायचे. औरंगाबादला विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात ते शिकवत. मराठवाड्यातल्या खेड्याचं बोलणं त्यांनी मुंबई-पुण्याच्या आणि परदेशातल्या प्रेक्षकांपुढे जसंच्या तसं मांडलं. लोक त्या माणसांच्या भाबडेपणावर, हट्टावर, मायेवर हसले. बोलीची टर कुणी उडवली नाही. आमच्या महोत्सवात मात्र अजूनही वेडं पात्र तेवढं ‘करायलाव, जायलाव’ बोलतं आणि साहेब पुस्तकी बोलतो. ज्या पोरांची ती घरची बोली आहे, तीच पोरं हे करतात. मला ते सहन होत नाही आणि मी तसं त्यांना सांगते.

यात टीव्हीचा वाटा आहे. ‘चला हवा येऊ द्या’ २०१४ मध्ये आलं, ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ २०१८ मध्ये. या कार्यक्रमांनी खेड्यापाड्यातल्या नटांना घराघरात नेलं, छोटं प्रहसन हा लिहिण्यासारखा गंभीर प्रकार आहे हे दाखवलं, आणि आमच्या पोरांच्या मनात स्वप्न पेरलं. त्याबद्दल मला आदर आहे. पण पोरं त्यातलं जे पटकन उचलता येतं तेच उचलतात. मुलानं साडी नेसायची, जाडीवर बोलायचं, काळ्या रंगावर बोलायचं. समोर दोन हजार विद्यार्थी असले की अशा वाक्याला हमखास हशा येतो. विंगेतून कुणीतरी माझ्या कानाशी म्हणतं, “मॅडम, हसायलेत की लोकं!” हसतात, खरं आहे. त्याच मंडपात एखादी जाड मुलगी खाली मान घालून बसलेली मी पाहिलेली आहे. म्हणून नियमातली ती ओळ.

आता स्पर्धेकडे येते. आपल्याकडे नाट्यस्पर्धांची परंपरा मोठी आहे. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून, पुण्याचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून. मराठी रंगभूमीला मिळालेले किती तरी लेखक, दिग्दर्शक या स्पर्धांनी घडवले. चुरस असली की पोरं रात्री अकरापर्यंत तालीम करतात, चुरशीविना करणार नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे की स्पर्धा क्रमांक देते आणि तिथेच थांबते. परीक्षक गुण लिहितात, लिफाफा देतात, समारोपात निकाल जाहीर होतो. ज्यांना ढाल मिळाली ते नाचतात, बाकीचे सामान बांधतात. आपलं कुठे बिघडलं हे कुणाला कळत नाही.

रांगेचं ते स्किट आम्ही एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत केलं. प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं, पण क्रमांक आला नाही. पोरं रडली. बाहेर चहाच्या टपरीवर परीक्षकांपैकी एक भेटले. हवालदाराचं काम करणाऱ्या पोरानं धीर करून विचारलं. ते म्हणाले, “तू घागर घेऊन रांगेत उभा राहिलास, तिथं तुमचं नाटक संपलं होतं. पुढं दीड मिनिट तुम्ही पाणी वाचवायचं भाषण दिलं. प्रेक्षकाला सगळं कळलेलं असताना त्याला परत समजावलंत.” मग त्यांनी मधल्या लेकराच्या वादाचं भरभरून कौतुक केलं, आणि म्हातारीची बसायची जागा प्रेक्षकांकडे पाठ करणारी होती हेही दाखवलं. चहा संपेपर्यंत पोरांचं रडू थांबलं होतं आणि वहीत खुणा चालल्या होत्या. पुढच्या स्पर्धेला ते भाषण नव्हतं. घागर, आणि अंधार.

हा चहा योगायोगानं मिळाला. तो वेळापत्रकात छापला पाहिजे. कॉलेजाची असो, गणेश मंडळाची असो, प्रत्येक स्किट स्पर्धेनं निकालानंतर एक तास ठेवावा, परीक्षकांनी प्रत्येक संघाशी पाच-सात मिनिटं बोलावं, आणि बाकी संघांना तिथे बसू द्यावं. परीक्षकांच्या मानधनात तो तास आधीच धरावा. नाराज झालेले संघ हुज्जत घालतील ही आयोजकांची भीती मला समजते. पण गुणांबद्दल बोलायचंच नाही, प्रयोगाबद्दल बोलायचं, हे आधी सांगितलं की हुज्जत होत नाही.

संघांनी एकमेकांना भेटणं तर याहून सोपं. यजमान कॉलेजाच्या वर्गखोल्यांत सतरंज्या टाकून सगळे मुक्काम करतात. रात्री जेवणं झाली की जिंतूरचा एक जण नकला करतो, निलंग्याची पोरं त्याला साथ देतात, कुणाकडे ढोलकी असते. तिथे झालेल्या ओळखी टिकतात. आमच्या म्हातारीला पुढे परभणीकडच्या एका संघानं पथनाट्यासाठी बोलावलं. दोन पोरं मिळून आता यूट्यूबसाठी लिहितात. ‘भाडिपा’नं २०१६ पासून मराठी विनोदाला तिथे प्रेक्षक दाखवून दिला, त्यामुळे मुंबईला न जाता काही करता येतं एवढी आशा त्यांना आहे. सॅन फ्रान्सिस्कोचा ‘स्केचफेस्ट’ २००२ मध्ये सुरू झाला तोही त्या परिसरातल्या सहा छोट्या संघांनी एकत्र येऊन. एकेकट्याला मोठं नाट्यगृह परवडत नाही, सहा जणांना मिळून परवडतं. लातूर आणि नांदेडमध्ये सहा संघ सहज सापडतील.

मुलींचा प्रश्न वेगळा आहे. तालीम संध्याकाळी सातच्या पुढे गेली की घरून फोन येतो, शेवटची एसटी चुकली तर दुसऱ्या दिवशी मुलगी येतच नाही. म्हणून मी तालमी सकाळी साडेसातला लावते, आणि मुक्कामाच्या दौऱ्याआधी प्रत्येकीच्या आई-वडिलांना कॉलेजात बोलावून एक रंगीत तालीम दाखवते. स्वतःच्या मुलीच्या वाक्याला इतर पालक हसलेले पाहिले की परवानगीचा कागद बहुतेक वेळा तिथल्या तिथे सही होऊन मिळतो.

यंदा दिवाळीनंतर आमच्या कॉलेजात आसपासच्या संघांसाठी एक दिवसाची स्पर्धा घ्यायचं ठरलं आहे. सकाळी सगळ्या संघांची मिळून रांगेची कार्यशाळा, संघ मोडून, म्हणजे औशाचा पोरगा अहमदपूरच्या मुलीबरोबर. दुपारी प्रयोग. निकाल पाचला, आणि सहापर्यंत परीक्षक मंडपातच बसतील. प्रत्येक संघानं संहितेची एक प्रत आमच्या ग्रंथालयात ठेवून जायची; पुढच्या वर्षी कुणालाही ती वाचायला मिळेल, लेखकाच्या नावासकट. जेवण कॉलेजचं. घागर ज्यानं त्यानं आणायची.