पहिला महिना मज्जातंतूंचा

नोएडातल्या एका वाचकाने विचारलं आहे: दिवाळी सरली की सोसायटीच्या बागेतलं चालणं बंद पडतं, म्हणून घरातच व्यायाम करायचा म्हणतो. आजवर कधी केलेला नाही. मोबाइलवर ढीगभर कार्यक्रम आहेत. कोणता निवडू?

चालणं बंद पडतं ते का, हे दिल्लीकरांना सांगायला नको. १८ नोव्हेंबर २०२४ ला शहराचा हवा निर्देशांक ४९४ वर गेला आणि प्रदूषण वाढलं की लागू होणाऱ्या ‘ग्रॅप’ निर्बंधांचा चौथा टप्पा लागला. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा आत घेतो. दमवणाऱ्या व्यायामात तीच चाळीस-साठ लिटरवर जाते, आणि तीही बरीचशी तोंडाने. पण दार लावलं म्हणजे धुरकं बाहेर राहिलं असं नव्हे. त्यातल्या पीएम २.५ या अतिसूक्ष्म कणांना खिडकीची फट पुरते. तेव्हा अशा दिवशी घरातही उड्या मारण्यापेक्षा सावकाश, मध्ये थांबत केलेले ताकदीचे व्यायाम बरे. खालच्या फ्लॅटमधले लोकही दुवा देतील.

घरबसल्या व्यायामाचा कार्यक्रम विकत घेण्याची हौस काही मोबाइलने आणलेली नाही. सातारा भागातल्या औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी १९०९ मध्ये गादीवर आले. त्याआधीच, १८९७ मध्ये, त्यांनी युजेन सँडो या लंडन गाजवणाऱ्या पहिलवानाची पुस्तकं आणि साधनं विकत घेतली होती. दहा वर्षं त्यांनी तो व्यायाम नेमाने केला. मग ते सूर्यनमस्कारांकडे वळले, संस्थानातल्या शाळांत त्यांनी ते सक्तीचे केले आणि १९३८ मध्ये त्यांचं सूर्यनमस्कारांवरचं इंग्रजी पुस्तक लंडनहून निघालं. १९५१ मध्ये ते वारले तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. एका राजाच्या आयुष्यावरून काही सिद्ध होत नाही, हे खरंच. पण मला या हकिगतीत सँडोपेक्षा ती दहा वर्षं मोठी वाटतात. आपण दहा दिवसांत अ‍ॅप बदलतो.

आता मूळ प्रश्न. त्याच्या उत्तरासाठी १८९४ सालच्या येल विद्यापीठात जावं लागेल. तिथल्या मानसशास्त्र प्रयोगशाळेत एमिली ब्राउन रबरी फुगा मुठीत दाबायचा सराव करत होत्या. जोर किती लागला ते पाऱ्यावरून कळे. सराव फक्त उजव्या हाताचा. काही दिवसांत उजव्या मुठीची ताकद वाढली, यात नवल नाही. पण ज्या डाव्या हाताने काहीच केलं नव्हतं, त्याचीही ताकद चाळीस टक्क्यांच्या वर वाढलेली निघाली! डाव्या हाताचे स्नायू वाढायला कारणच नव्हतं. शिकले होते ते मेंदू आणि मज्जातंतू. या प्रयोगाचा निबंध आज ‘स्क्रिप्चर आणि सहकारी’ म्हणून ओळखला जातो. एडवर्ड स्क्रिप्चर प्रयोगशाळेचे चालक. ‘सहकारी’ म्हणजे थिओडेट स्मिथ आणि एमिली ब्राउन. फुगा दाबणाऱ्या बाईंचं नाव ‘आणि’च्या पलीकडे जावं, हे मला दरवेळी खटकतं.

पुढे १९७९ मध्ये मोरितानी आणि डीव्ह्रीज या संशोधकांनी स्नायूंतले विद्युतसंदेश मोजून दाखवलं की, नवशिक्याची सुरुवातीची वाढ मुख्यतः मज्जातंतूंची असते. स्नायूंच्या जाडीचा वाटा तीन ते पाच आठवड्यांनंतर वरचढ होतो. नव्या ढोलपथकासारखं हे. पहिल्या दिवशी प्रत्येकाचा टिपरू वेगळ्या क्षणी पडतो. महिनाभराने तेच ढोल, तेच वादक, पण ठोका एकाच वेळी पडतो आणि रस्ता दणाणतो. पथकात एकही माणूस वाढलेला नसतो.

म्हणून ‘२१ दिवसांत कायापालट’ दाखवणारे फोटो पाहताना स्नायूंआधी प्रकाशयोजना पाहा. पहिल्या दोन महिन्यांत बऱ्या कार्यक्रमांमध्ये फार फरक पडत नाही. मी एवढंच तपासेन: तिसऱ्या आठवड्यात व्यायाम कसा अवघड होणार, हे त्यात लिहिलंय का? जोर आधी भिंतीवर, मग ओट्यावर, मग जमिनीवर. बैठका आधी खुर्चीवरून उठत-बसत. आणि ओढण्याचा व्यायाम आहे का? घरगुती कार्यक्रमांत तो हमखास गळतो. पिठाची पिशवी कमरेत वाकून पोटाकडे ओढली तरी चालतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत ताकदीसाठी आठवड्याचे किमान दोन दिवस मागितले आहेत, त्याखेरीज दीडशे मिनिटं मध्यम हालचाल. रोज घाम गाळायला लावणारा कार्यक्रम नवशिक्यासाठी नाही. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या तर लॅक्टिक आम्लाला दोष देऊ नका, ते तासा-दोन तासांत ओसरलेलं असतं. दुखतात ते अनोळखी ताणाने दुखावलेले तंतू.

रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि वर्षाची वर्गणी आत्ता भरू नका. आठवड्यातले दोन दिवस ठरवून, फुकटातला एखादा साधा कार्यक्रम सहा आठवडे करा. तो टिकला तर पैसे खर्च करायचे की नाही ते तेव्हा बघा.